ओल्या तणसीचे आकडे

नागभीड,
७ डिसेंबर २०२५

दादा, जयभीम.

फाडून टाकायच्या आधी शेवटपर्यंत वाच, एवढंच मागते. माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस. ऑक्टोबरात किराणा दुकानाच्या फोनवरून लावला होता, तर माझं "हॅलो" ऐकूनच ठेवून दिलास. म्हणून चिठ्ठी. जंगूभाऊच्या हाती देते आहे. तो आमच्या कारखान्याचा ट्रक चालवतो आणि तो ट्रक तुझ्याच वीज केंद्रावर रिकामा होतो. तू मिलवर आहेस, कोळसा दळतात तिथे, असं खुशबू वहिनीने मागच्या महिन्यात सांगितलं. तेव्हापासून मला जेवण नीट जात नाही.

मी जुलैपासून नागभीडजवळच्या पेलेटच्या कारखान्यात आहे, तपासणीच्या खोलीत. बी.एस्सी.चा शेवटी उपयोग झाला. तुझ्या बाजूने तुला सगळं माहीत असेलच. केंद्र सरकारचा नियम आहे की वीज केंद्रांनी नुसता कोळसा जाळायचा नाही, शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबून केलेल्या कांड्याही त्यात मिसळायच्या. मागच्या वर्षी शेकडा पाच, यंदा सात. तेवढा कोळसा वाचेल, तेवढा हवेतला कार्बन कमी होईल. आमच्याकडे धान मळून उरलेली तणीस येते, थोडी कापसाची पऱ्हाटी येते, आणि मशीनमधून बोटभर लांबीच्या कांड्या पडतात.

मला याचा अभिमान होता, दादा. गावोगावच्या सभेत मीच बोलायला जायचे. आपल्या गावात सोमाजी मामा उठून म्हणाले, "पोरी, आमी कधी तणीस जारलीच नाई. आमचे बैल खाते. पंजाबवाले जारते म्हणून आमच्या बैलाच्या तोंडातली काऊन काढता?" मी म्हटलं, जास्तीची असेल तेवढीच द्या. त्यांनी अर्धी दिली. आईचं नाव घेऊन म्हणाले, "शकुबाईची पोरगी हाय, खोटं नाई सांगणार."

एक कळवायचं होतं. यंदा धान कापून बांधीत उघड्यावर पडला होता आणि चार दिवस पाऊस लागला. त्यामुळे तणसीत ओलावा कधीमधी थोडा वर-खाली येतो. फार काही नाही. तरी आमची पोती आली की जरा सांभाळून राहा. निळ्या दोऱ्याने शिवलेली असतात.

काल विहारात मेणबत्ती लावली. आईच्या नावाने पण लावली. ती गेली त्या वेळी तू मला जे बोललास ते मी विसरले नाही. पण तिनेच सांगितलं होतं, त्याची नोकरी नवीन आहे, त्याला कळवू नको. मी तिचं ऐकलं.

रंजीता

१५ डिसेंबर

दादा,

जंगूभाऊने सांगितलं की तू वजनकाट्याजवळ उभा राहून चिठ्ठी वाचलीस आणि खिशात ठेवलीस. फाडली नाहीस. मी त्याला तीनदा विचारलं, "काही बोलला का?" तर म्हणाला, "तपासणीच्या कागदावर सही कोनाची रायते, एवढंच इचारलं. मी सांगतलं, तिचीच रायते."

हो, माझीच असते. मागच्या वेळी मी ते लिहिलं नव्हतं.

"थोडं वर-खाली" हेही खरं नव्हतं. रोज मी शंभर ग्रॅम माल ओव्हनमध्ये वाळवते आणि परत तोलते. जेवढे ग्रॅम उडाले तेवढा ओलावा. चौदाच्या वर चालत नाही. माझ्याकडे एकवीस येतात, तेवीस येतात, एकदा सव्वीस आले. माल वाळवायचा ड्रायर महिन्यापासून बंद आहे. पहिल्यांदा मी एकवीस लिहून मॅनेजर गुणवंतरावांकडे कागद नेला. त्यांनी चष्मा काढला, शांतपणे पुसला आणि म्हणाले, "रंजीताबाई, माल ट्रकमधी जाईन, उन्हात जाईन, तिथी चार रोज पडून राहीन. वाळल्यावर जेवढा राहीन तेवढा लिहाचा. बारा लिवा."

मी बारा लिहिलं. त्या दिवसापासून रोज अकरा, बारा, साडेबारा लिहिते. सही मात्र दर वेळी वेगळी येते. तेही त्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, "सही एकसारखी करत जा, साहेब लोकं पायते."

तुमच्याकडे जो नमुना तपासतात तो आमच्याच पिशवीतून जातो. ती पिशवी वेगळी भरलेली असते, मागच्या वर्षीच्या कोरड्या मालाची.

खरे आकडे मी एका शाळेच्या वहीत लिहून ठेवते. का ते मला सांगता येणार नाही. टाकवत नाहीत, एवढंच.

आता खरी भीती सांगते. मागच्या आवारात मालाचा ढीग आहे, दोन माणसं उंच. पोती भरणाऱ्या बाया दुपारी त्याच्या सावलीत डबा खायच्या. या आठवड्यात त्या उठून भिंतीकडे गेल्या. बायनाबाई त्यांच्यातली सगळ्यात जुनी. तिने माझा हात धरून ढिगावर ठेवला. "पाह्य बाई, याले ताप आला."

खरंच ताप होता. तणीस ओली दाबून ठेवली की आतून गरम होते, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. मी लोखंडी सळई आत खुपसली आणि थोड्या वेळाने ओढली. धरवेना. गुणवंतरावांना सांगितलं तर म्हणाले, थंडीत गरम लागतेच.

तुमच्याकडे ही पोती कुठे ठेवतात? मिलमध्ये गरम हवा सोडतात असं ऐकलं. आतून धुमसणारी कांडी तिथे गेली तर काय होतं? मला तुझं काम कळत नाही, म्हणून विचारते. मले लय भेव वाटते, दादा. दोन ओळी लिही.

रंजीता

२४ डिसेंबर, दुपार

दादा,

घाईत लिहिते. जंगूभाऊ गाडीला ताडपत्री बांधतो आहे तोवर संपवायचं आहे.

आज सकाळी बायनाबाई ढिगावर चढली आणि तिचा पाय आत गेला. गुडघ्यापर्यंत गेला. ती ओरडली नाही, आधी फक्त "अवो, अवो" म्हणाली. तिला ओढून काढलं तेव्हा पायाची कातडी मोज्यासारखी खाली आली होती. जिथे पाय गेला तिथून धूर निघाला. ढीग फोडला तर आत काळा पडलेला, मधे लाल.

टँकर आणून पाणी मारलं. मी म्हटलं, हा सगळा माल बाजूला काढा. गुणवंतराव म्हणाले, "वरचा काळा काढून टाका, बाकीचा भरा. त्याईले सात टक्के भराचे हाय, आपल्याले गाड्या भराच्या हाय. सरकारचं काम थांबत नसते." तोच माल, वरून पाणी मारलेला, आत्ता माझ्या डोळ्यांसमोर तीन ट्रकमध्ये चढतो आहे. निळा दोरा.

दवाखान्यात बायनाबाईसोबत मी गेले. चहाचं उकळतं पाणी सांडलं असं सांगायचं ठरवून दिलं होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "एवढं पाणी?" मी हो म्हटलं. कारखान्याच्या रजिस्टरमध्येही मीच तसं लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे ना.

उद्या-परवा पाळीवर जाऊ नको. हे लिहिलं आणि वाटलं, तू नाही गेलास तर दुसरं कोणी त्या मिलपाशी उभं राहील. मग काय लिहू? तुझ्या साहेबांना सांग. ही चिठ्ठी दाखव, माझं नाव घे.

आणि आईचं. आज लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

कळवू नको, असं ती म्हणाली होती हे खरं, पण ते पहिल्या आठवड्यात. शेवटच्या दिवशी दुपारी तिने दोनदा विचारलं, "दीपू आला का?" मी म्हटलं, निघाला आहे. तू निघाला नव्हतास. तुला कोणी सांगितलंच नव्हतं. फोन माझ्या हातात होता, दादा. इतके दिवस का नाही सांगितलं म्हणून तू ओरडशील, याला मी भ्याले. एवढ्याशा गोष्टीला. मग संध्याकाळी ती गेली आणि ओरडण्याला भ्यायचं कारण उरलं नाही.

तू चार वर्षं बोलला नाहीस ते बरोबर केलंस.

जंगूभाऊ हॉर्न वाजवतो आहे.

रंजीता

३० डिसेंबर

दादा,

सत्तावीसला गेटवर मला नीट बोलता आलं नाही. तुलाही माझ्याशी बोलायला वेळ नव्हता. झालं ते सगळं मी लिहून ठेवते आहे, कारण पुढे कोणी विचारलं तर मी पुन्हा काही गाळेन, अशी मला स्वतःचीच धास्ती आहे.

तुझी चिठ्ठी मला पंचवीसच्या संध्याकाळी मिळाली. सिगारेटच्या पाकिटाच्या कागदावर तू लिहिलं होतंस: "साहेब नुसत्या चिठ्ठीवर ट्रक वापस करत नाई. म्हणते मार्च जवळ आला, सात टक्के भरले पायजे. तुझे खरे आकडे पाठव. तारखेसहित, सही करून. लवकर." चार वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. ते मी किती वेळा वाचलं असेल.

वही मी सव्वीसला पिशवीत टाकून नेली. जंगूभाऊची गाडी दहाला निघते. साडेनऊला गुणवंतराव माझ्या खोलीत आले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "काही लोकं चिठ्ठ्या पाठवून राह्यले म्हणे. बाई, एक ध्यानात ठेवा. सगळ्या कागदावर सही तुमची हाय. माझी एकबी नाई. जेलात कोन जाईन?"

ते गेले. जंगूभाऊने खिडकीतून विचारलं, "देतं का काही?"

मी म्हटलं, "आज नाही."

दादा, आज नाही असं मी म्हटलं. गाडी गेली. पिशवी माझ्या मांडीवर होती.

सत्तावीसला कारखान्याचं गेट आलं आणि माझे पाय थांबलेच नाहीत, सरळ स्टेशनवर गेले. गोंदियाकडून येणारी गाडी मिळाली. चांदा फोर्ट स्टेशनला उतरून ऑटो केला. ऑटोवाल्याला दोनदा सांगितलं, लवकर चला, माझा भाऊ तिथे आहे. गेटपाशी उतरले तेव्हा आतून अँब्युलन्स निघाली. मागच्या काचेतून हेल्मेट काढलेलं एक डोकं दिसलं आणि मला वाटलं तूच. मी त्या गाडीमागे पळाले. गेटवरच्या माणसाने मला धरलं, "ओ ताई, कोन पायजे तुमाले?" मी नाव सांगितलं. तो म्हणाला, "धम्मदीप आत हाय. अँब्युलन्समधी आदेश होता."

आदेश, तुझ्याच पाळीचा. त्याच्या डब्यातली वांग्याची भाजी तू रोज खातोस असं वहिनी सांगायची.

त्या माणसाकडूनच कळलं. मिलमधून जळका वास येत होता. आदेशने खालचं झाकण उघडलं, आत धुमसत होतं, हवा मिळाली आणि ज्वाळा बाहेर आली. चेहरा आणि दोन्ही हात. तू रोज त्याच्या बाजूला असतोस. त्या वेळी नव्हतास, कारण निळ्या दोऱ्याची पोती वेगळी काढायला तू यार्डात गेला होतास. माझ्या चिठ्ठीमुळे. हे ऐकून मला आनंद झाला, दादा. एका क्षणासाठी झाला. मग त्या आनंदाचीच भीती वाटली.

तू बाहेर आलास. भुवया राखेने पांढऱ्या झाल्या होत्या. मी वही पुढे केली.

"आकडे आणले?"

"आणले."

"काल काऊन नाई पाठवले?"

"भेव वाटला."

मला वाटलं, तू मारशील. मारलं असतंस तर बरं वाटलं असतं. तू वही शर्टाच्या आत घातलीस आणि आत निघून गेलास. मी संध्याकाळच्या गाडीने परत आले.

कारखान्यात आता जात नाही. गुणवंतरावांचा फोन येतो, मी उचलत नाही. रस्त्यावर जीप थांबली की घरात जाऊन बसते. आदेश कसा आहे ते वहिनीला विचारलं, तिने नागपूरला हलवलं एवढंच सांगितलं. डोळ्यांचं काय, ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

रंजीता

२० जानेवारी २०२६

दादा,

काल गाडीत बसल्यावर आठवलं की तुझा रुमाल माझ्याकडेच राहिला. पण चिठ्ठी लिहायचं कारण ते नाही. बोलण्यापेक्षा मला लिहिणं जमतं, म्हणून लिहिते.

काल आगीच्या चौकशीसाठी मला खोलीत बोलावलं तेव्हा तू दाराबाहेर बाकावर बसला होतास, तुला सगळं ऐकू गेलं की नाही कोण जाणे. टेबलापलीकडे तिघं अधिकारी होते, त्यात एक बाई होत्या. गुणवंतरावांनी आधीच सांगून टाकलं होतं की तपासणीतलं त्यांना काही कळत नाही, ते खातं शिकलेल्या मुलीकडे दिलं होतं. माझे सगळे कागद टेबलावर रचले होते. प्रत्येकावर माझी सही, प्रत्येक वेगळी.

"ही सही तुमची?"

"माझी."

"आकडा बारा. खरा आहे?"

"नाही. बावीस होता."

बाई म्हणाल्या, तुम्ही काय बोलता आहात ते कळतं ना? तुमच्यावरही गुन्हा दाखल होऊ शकतो. मी हो म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही, परत म्हणावं लागलं. मग तू त्यांना दिलेली वही त्यांनी माझ्यापुढे सरकवली आणि वाचायला सांगितलं. मी एकेक तारीख वाचली. एकजण टाइप करत होता. एकोणतीस तारखा होत्या. पंधरा-सोळाव्या तारखेला माझा आवाज थोडा स्थिर झाला. मग चोवीस डिसेंबर आला आणि ती ओळ मला दोनदा वाचावी लागली. रजिस्टरमधलं चहाच्या पाण्याचंही सांगितलं.

माझ्याआधी बायनाबाईची जबानी झाली होती. काठी टेकत आली होती. ती काय म्हणाली ते टाइप करणाऱ्यानेच मला सांगितलं: "पानी नोय सांडलं साहेब. तणसीनं जारलं. पोरगीनं खोटं लिवलं, पन माझा पाय मांडीवर घेऊन दवाखान्यात तीच बसली होती. दोन्ही लिवा."

शेवटी बाईंनी विचारलं, हा नियमच चुकीचा आहे असं तुमचं म्हणणं आहे का? मी विचार केला. म्हटलं, नाही. कोळसा कमी जळायलाच पाहिजे, मे महिन्यात आपल्याकडे उन्हाने काय होतं ते सगळे बघतो. नियमाने मला बावीसचे बारा करायला सांगितलं नव्हतं. पण सात टक्के झाले की नाही, हे विचारायला सगळे येत होते. कशाचे झाले, ते बघायला कोणी आलं नाही. मी तिथेच बसले होते, मीही सांगितलं नाही.

हे त्यांनी लिहून घेतलं की नाही, मला दिसलं नाही.

गुन्ह्याचं अजून काही कळलं नाही. कारखान्याला कुलूप आहे. पोती भरणाऱ्या चाळीस बाया घरी आहेत. त्यातल्या काही माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांचं चुकत नाही. सोमाजी मामा परवा दारात आले. ओरडले नाहीत. "माझी तणीस वापस भेटन का पोरी?" एवढंच विचारलं. बैलांसाठी आता त्यांना विकतची वैरण बघावी लागते. मी म्हटलं, भेटणार नाही मामा, जळली. ते आले तसे गेले.

आता कालचं. चौकशीनंतर टपरीवर आपण चहा घेतला. स्टेशनवर तू माझं तिकीट काढलंस. गाडी हलायच्या आधी खिडकीशी येऊन म्हणालास, "आदेशचा उजवा डोळा वाचला. डाव्याचं सांगता येत नाई म्हणते. रविवारी मी नागपूरले जाऊन राह्यलो. येशीन?"

मी हो म्हटलं. गाडी सुटली म्हणून हो निघालं की काय, कळत नाही. कालपासून एकच डोळ्यांपुढे येतं: पट्ट्या बांधलेला माणूस, शेजारी त्याची आई, आणि ती मला विचारते, तू कोण गं? धम्मदीपची बहीण, असं म्हटलं की ती मला बसायला सांगेल. पाणी देईल. मग मला सांगता येणार नाही. मी स्वतःला ओळखते, दादा. पाणी पिऊन झालं की मी गप्प बसेन.

म्हणून आत गेल्या गेल्या तू माझी ओळख करून देऊ नको. मध्ये बोलू नको, मला सावरून घेऊ नको. मीच बोलेन. दारातूनच सांगेन की त्या कागदांवर सही माझी होती, आणि वही दोन दिवस माझ्या पिशवीत होती. त्यानंतर त्यांनी आत बोलावलं तर आत येईन. नाही बोलावलं तर बाहेर जिन्यात बसेन, तुझं भेटून होईपर्यंत.

रविवारी सकाळच्या गाडीने निघते.

रंजी